मुंबईचा मुक्काम : जागा आधीं, थाट मागून

उन्हाळा तोंडावर आला म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतून लोणच्या-पापडांच्या प्रश्नांबरोबर प्रवासाचेही प्रश्न येऊं लागतात. यंदा त्यांत संगमनेरच्या एका वाचकभगिनींचें पत्र असें आलें आहे कीं, त्याचें उत्तर त्यांच्या एकट्यांपुरतें देऊन भागणार नाहीं. कारण तोच प्रश्न थोड्याफार फरकानें आज अनेक सुशिक्षित घरांपुढें उभा आहे. या भगिनींचे चिरंजीव अमेरिकेंत असतात. सुनेचें बाळंतपण आश्विनांत आहे व त्यासाठीं उभयतांना तिकडे जावयाचें आहे. प्रवेशपरवान्याची, म्हणजे व्हिसाची, मुलाखत मे महिन्याच्या ऐन उन्हांत मुंबईस वांद्रें-कुर्ला संकुलांत ठरली आहे. यजमानांचें वय बहात्तर. दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झालेली. आजवर मुंबईचा मुक्काम गिरगांवांत धाकट्या दिरांकडे होत असे. परंतु तें घर चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, आणि जिने चढण्यास डॉक्टरांची मनाई. चिरंजीव लिहितात, ‘ताजमध्यें उतरा, पैसे मी भरतों.’ यजमान म्हणतात, ‘दोन रात्रींसाठीं एवढे पैसे ओतणें हें पाप आहे, एखाद्या लॉजवर पडून राहूं.’ आणि भगिनी विचारतात, ‘या दोहोंत शहाणपणाचें कोणतें?’

आमचें नम्र मत असें कीं, दोघांनींही प्रश्न चुकीच्या टोंकानें धरला आहे. एकानें नांव पाहिलें, दुसऱ्यानें दर पाहिला. जागा कोणीच पाहिली नाहीं. उष्ण आणि गजबजलेल्या शहरांत उतरावयाचें असतां पहिला विचार जागेचा, दुसरा वेळेचा, तिसरा खोलीचा, आणि थाटाचा विचार अगदीं शेवटीं, हाच क्रम आम्हांस योग्य वाटतो. तो कां, हें आज सविस्तर सांगावयाचें आहे.

प्रथम यजमानांच्या पापाचा विचार करूं. आपल्या घरांतून परगांवीं जाऊन पैसे देऊन राहणें ही गोष्ट फार दिवस कमीपणाची मानली जात असे. मुंबईस जावयाचें तें काकांकडे, मामांकडे, निदान गांवच्या कोणा ओळखीच्याकडे. ‘हॉटेल’ हा शब्दच आपल्याकडे चहा-भज्यांच्या दुकानाला लागला. निजण्याच्या जागेला तो फार उशिरां चिकटला. या रीतींत जिव्हाळा होता हें खरें. परंतु त्या जिव्हाळ्याची किंमत कोण देत होतें? दीड खोलीच्या बिऱ्हाडांत पाहुणे आले म्हणजे घरची सून पहाटे चारला उठून पाण्याच्या पिंपाशीं उभी राही, मुलें गॅलरींत निजत, आणि घरधनी कचेरींतून परत येतांना वाण्याची उधारी वाढवून येई. पाहुण्याला यांतलें कांहींच दिसत नसे, कारण तें त्याला दिसूं न देणें हाच पाहुणचार समजला जाई. तेव्हां ज्यांस शक्य आहे त्यांनीं आपली सोय आपण पाहिली तर त्यांत नातें तोडल्यासारखें कांहीं नाहीं. उलट नात्यावरचें एक ओझें उतरतें.

दुसरी एक गोष्ट येथेंच सांगून टाकावीशी वाटते. पूर्वीच्या खाणावळी व भोजनगृहें जातीच्या पाटीवर चालत, आणि आमच्या समाजांतील कित्येकांना तीच मोठी ‘सोय’ वाटे. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदानें उपाहारगृहें, हॉटेलें व सार्वजनिक करमणुकीच्या जागा यांत प्रवेश करतांना जात, धर्म, वंश, लिंग व जन्मस्थान हीं आड येऊं शकत नाहींत असें ठरविलें. तें योग्यच झालें. आज एखाद्या घराला कांदा-लसणाशिवाय जेवण हवें असेल तर तें मागतां येतें, मिळतेंही; पण शेजारच्या मेजावर कोण बसलें आहे हें विचारण्याचा काळ गेला, व तो गेल्याचें कोणी दुःख करूं नये.

आतां मुख्य विषय. उंची हॉटेलांत आपण पैसे देऊन नक्की काय विकत घेतों? संगमरवर, झुंबरें, दाराशीं सलाम करणारा दरवान, हीं सर्व वरवरचीं. उष्ण शहरांत खरी विकत घेण्याची वस्तु एकच, ती म्हणजे दुपार. अकरापासून चारपर्यंतचे जे पांच तास बाहेर माणसाला पिळून काढतात, ते सावलींत, गारव्यांत आणि निजून घालवितां येणें, हाच या सर्व खर्चाचा गाभा होय. हा गाभा हातीं लागणार नसेल तर पंचतारांकित खोली म्हणजे केवळ सामान ठेवण्याची महागडी कोठी.

संगमनेरकरांना उन्हाची भीति सांगावयास नको, असें कोणी म्हणेल. प्रवराकांठीं मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या आसपास खेळतो. मुंबईस तो ३३-३४ वर थांबतो. मग मुंबईचें ऊन तें काय? येथेंच पुष्कळांची फसगत होते. आपल्याकडील हवा कोरडी आहे. घाम येतो तो लगेच वाळतो, आणि वाळतांना अंगांतली उष्णता घेऊन जातो. शिवाय जाड भिंतींच्या जुन्या माळवदी घरांत दुपारीं दारें लावून बसलें कीं आंत थंडावा असतो. मुंबईची हवा समुद्राच्या ओलाव्यानें भरलेली. तेथें घाम सुटतो पण वाळत नाहीं; आणि जो वाळत नाहीं तो घाम अंगाला थंड करीत नाहीं. मग उष्णता बाहेर टाकण्यासाठीं शरीर कातडीकडे अधिक रक्त पाठवूं लागतें, आणि तें पाठविण्याचें काम कोणावर पडतें? हृदयावर. तरुणाला याचा केवळ त्रास वाटतो; ज्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आहे अशा बहात्तर वर्षांच्या गृहस्थांना तो धोका आहे. तेव्हां या कुटुंबाच्या बाबतींत गारव्याचा खर्च हा चैनीच्या खात्यांत न मांडतां औषधाच्या खात्यांत मांडावा, हें उत्तम.

जागेचें महत्त्व आमच्या पूर्वींच्या लोकांना आमच्यापेक्षां अधिक कळत होतें. मुंबईच्या तीन जुन्या वास्तूंवरून तें दिसून येईल. काळ्या घोड्याजवळील वॉटसनचें हॉटेल १८७१ मध्यें सुरू झालें. त्याचा लोखंडी सांगाडा विलायतेंत ओतून, भाग सुटे करून जहाजानें आणलेला. ७ जुलै १८९६ रोजीं ल्युमिए बंधूंचीं चलच्चित्रें हिंदुस्थानांत प्रथम दाखविलीं गेलीं तीं येथेंच. हें हॉटेल केवळ युरोपीयांसाठीं होतें, आणि त्यांची कामें जेथें चालत त्या कोटाच्या भागांतच तें उभें होतें. म्हणजे ज्याच्यासाठीं बांधलें त्याच्या कामाशीं त्याची जागा जुळलेली होती.

दुसरी वास्तु आपल्या अधिक परिचयाची. क्रॉफर्ड मार्केटाजवळचें सरदारगृह. लोकमान्य टिळक मुंबईस आले म्हणजे तेथें उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजीं त्यांनीं देह ठेवला तोही तेथेंच. सरदारगृहाचें वैभव कांहीं डोळे दिपविणारें नव्हे. परंतु बोरीबंदर स्टेशन हाकेच्या अंतरावर, हायकोर्ट टांग्यानें थोडक्यांत गांठण्याजोगें, मंडई दाराशीं, आणि गिरगांवांतील मराठी वस्ती जवळ. मराठी मुलखांतून खटल्यासाठीं, सभेसाठीं वा औषधोपचारासाठीं येणाऱ्या माणसाला याहून सोईची जागा त्या काळच्या मुंबईंत सांपडणें कठीण होतें.

तिसरी वास्तु ताजमहाल हॉटेल. १६ डिसेंबर १९०३ रोजीं तें उघडलें. त्याचा आराखडा करणारांत सीताराम खंडेराव वैद्य हे मराठी स्थापत्यविशारद होते व त्यांच्या जोडीला मिर्झा होते. पुढें चेंबर्स यांनीं तें काम तडीस नेलें. आज आपण ताजची जी बाजू समुद्राकडून पाहतों ती मूळची पुढची बाजू नव्हे. जुनें प्रवेशद्वार पश्चिमेला, शहराकडे होतें. जेथें आतां पोहण्याचा तलाव आहे तेथें. इमारत पाठमोरी बांधली गेली अशी जी कथा सांगतात ती निव्वळ दंतकथा. मुंबईस दुपारचा वारा वाहतो तो पश्चिमेकडून. दोन बाहू पसरून पश्चिमेस उघडी राहणारी इमारत तो वारा कवेंत घेते. विजेचें थंड यंत्र घरोघर येण्यापूर्वीं वाऱ्याची दिशा ओळखून घर बांधणें यालाच उंची व्यवस्था म्हणत. गेटवे ऑफ इंडियाची कमान तर १९२४ मध्यें पुरी झाली, म्हणजे हॉटेलानंतर एकवीस वर्षांनीं.

तेव्हां ताज हें उत्तम हॉटेल आहे यांत संशय नाहीं. प्रश्न इतकाच कीं, तें कोणासाठीं चांगल्या जागीं आहे? ज्याचें काम कोटांत आहे, बंदरावर आहे, ज्याला घारापुरीची बोट धरावयाची आहे, ज्याला म्युझियम व चित्रशाळा पाहावयाच्या आहेत, त्याच्यासाठीं. आमच्या भगिनींचें काम तेथें नाहीं. अमेरिकेची वकिलात पूर्वीं ब्रीच कँडीला होती. २०११ मध्यें ती वांद्रें-कुर्ला संकुलांत गेली. कुलाब्यापासून हें स्थळ पंधरा किलोमीटरांहून दूर आहे. मुंबईचें शहर आतां एका टोंकाला राहिलेलें नाहीं. त्याचीं कामें विखुरलीं आहेत. मंत्रालय दक्षिणेस, मोठीं रुग्णालयें परळास, पेढ्या व वकिलाती वांद्र्यास, विमानतळ त्याच्याही उत्तरेस. म्हणून ‘मुंबईंत चांगल्या जागीं असलेलें हॉटेल कोणतें?’ या प्रश्नाला आज एक उत्तर नाहीं. ‘कोणत्या कामासाठीं?’ हें आधीं सांगितलें तरच उत्तर देतां येतें.

आतां हें काम कसें असतें तें पाहूं. व्हिसाच्या कामाला एक खेप पुरत नाहीं. बोटांचे ठसे व छायाचित्र देण्यासाठीं मुलाखतीपूर्वीं एका वेगळ्या कार्यालयांत जावें लागतें. बहुतेक लोक तें आदल्या दिवशीं उरकतात. दुसऱ्या दिवशीं वकिलातींत मुलाखत. आंत भ्रमणध्वनि नेतां येत नाहीं, मोठी पिशवी नेतां येत नाहीं. फार आधीं जाऊन उपयोग नसतो, उशिरां जाऊन चालत नाहीं. म्हणजे मुलाखतीच्या आधींचा वेळ कोठेंतरी सावलींत बसून काढावयाचा, सामान कोणाच्या तरी स्वाधीन करावयाचें, आणि काम आटोपतांच थकलेल्या माणसाला आडवें होण्यास जागा हवी. पूर्वीं ७९ वर्षांवरील वृद्धांना मुलाखतीची बहुधा माफी मिळे. २ सप्टेंबर २०२५ पासून ती सवलत सामान्यतः उरलेली नाहीं. तेव्हां पुढें अशा कामासाठीं आणखी म्हातारीं माणसें मुंबईची वाट धरतील, व हा विचार अनेकांना करावा लागेल.

अशा कामांत अंतर मैलांनीं मोजूं नये. तें दुपारीं मोजावें. सकाळीं सातला जें अंतर अर्ध्या तासाचें तेंच साडेअकराला दीड तासाचें होऊं शकतें, आणि ऊन व गर्दी हीं एकाच वेळीं शिगेस पोंचतात. शिवाय तें अंतर कुटुंबांतील सर्वांत थकलेल्या माणसाच्या पायांनीं मोजावें, सर्वांत धडधाकट माणसाच्या पायांनीं नव्हे. मुलगा म्हणतो, ‘दहा मिनिटांची चाल आहे.’ ती त्याची दहा मिनिटें. वडिलांची पंचवीस, आणि त्यांत बसावयास एक बांकडेंही नाहीं. वांद्रें-कुर्ला संकुलाचे रस्ते रुंद आहेत, इमारती उंच व कांचेच्या आहेत, परंतु दुपारीं पायीं चालणाराला सावली थोडी.

येण्याची वाटही या हिशेबांत धरावी. संगमनेरास रेल्वे नाहीं. मुंबईस जावयाचें तर एक मार्ग नाशिकरोडला जाऊन गाडी धरण्याचा. दुसरा सिन्नर-घोटीवरून मोटारीनें. ५ जून २०२५ रोजीं इगतपुरी ते आमणें हा समृद्धि महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसाऱ्याच्या घाटाचा कंटाळा टळूं लागला आहे. या वाटेनें येणारी मोटार ठाण्याकडून मुंबईंत शिरते. तिला वांद्रें-कुर्ला संकुल आधीं लागतें. कुलाबा सर्व शहर ओलांडून मग. चार-पांच तासांच्या प्रवासानें शिणलेल्या माणसांना आणखी तासभर गर्दींतून पुढें नेऊन, दुसऱ्या दिवशीं त्याच वाटेनें मागें आणावयाचें, यांत शोभा कितीही असली तरी शहाणपण नाहीं.

येथें एका नव्या सोईचा उल्लेख केला पाहिजे, कारण तिच्यामुळें मुंबईच्या जागांची किंमतच बदलली आहे. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो टप्प्याटप्प्यानें सुरू झाली. आरे ते वांद्रें-कुर्ला हा भाग ऑक्टोबर २०२४ मध्यें, पुढें आचार्य अत्रे चौकापर्यंत मे २०२५ मध्यें, आणि कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्यें. साडेतेहतीस किलोमीटरांच्या या मार्गावर सत्तावीस स्थानकें असून गिरगांव, काळबादेवी, दादर, सिद्धिविनायक, वांद्रें-कुर्ला आणि विमानतळ हीं सर्व त्यांत येतात. जो मनुष्य या मार्गाच्या स्थानकापासून चार पावलांवर उतरला आहे, त्याला भर दुपारींही ऊन न लागतां शहराच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत जातां येतें. म्हणून आज मुंबईंत हॉटेल पाहतांना ‘समुद्र दिसतो का?’ याच्या आधीं ‘मेट्रोचें स्थानक किती पावलांवर आहे, आणि तेथें सरकता जिना किंवा उद्वाहक चालू आहे का?’ असें विचारावें. मात्र वांद्रें-कुर्ला स्थानकांतून वर आल्यावर प्रत्येक कचेरी दाराशीं नसते; तेथून पुढें रिक्षा किंवा टॅक्सी करण्याची तयारी ठेवावी. वांद्र्याच्या दक्षिणेस, जुन्या मुंबईंत, रिक्षा चालत नाहीत. टॅक्सीच पाहावी लागते, हेंही ध्यानांत असूं द्यावें.

जागा ठरली म्हणजे वेळेकडे वळावें. बहुतेक मोठ्या हॉटेलांत खोली दुपारीं दोनच्या सुमारास ताब्यांत मिळते आणि निघण्याच्या दिवशीं अकरा-बारापर्यंत सोडावी लागते. आतां गंमत पाहा. नाशिकहून सकाळच्या गाडीनें निघालेला मनुष्य दुपारच्या आधीं मुंबईंत पोंचतो. खोली मिळेपर्यंत त्याचे दोन-तीन तास जातात. जातांना ऐन बाराच्या ठोक्याला तो रस्त्यावर. म्हणजे ज्या दुपारीसाठीं एवढे पैसे मोजले तीच दोन्ही दिवशीं हातची निसटली! याला उपाय सोपा आहे, पण तो आधीं करावा लागतो. खोली राखून ठेवतांनाच लेखी विचारावें, ‘आम्ही अकराला येऊं, खोली मिळेल का? जातांना चारपर्यंत राहूं द्याल का? त्याचे निराळे पैसे किती?’ वृद्ध व आजारी माणूस बरोबर आहे असें स्पष्ट लिहिलें तर पुष्कळ ठिकाणीं सवलत मिळते. ती मिळत नसेल तर अर्ध्या दिवसाचे अधिक पैसे द्यावे. पण न्याहारींत पंधरा पदार्थ मांडले जातात म्हणून जादा दर मात्र देऊं नये. पथ्याच्या माणसाला त्यांतले तीनच चालतात.

नंतर खोलीचा विचार. पश्चिमेची खिडकी सूर्यास्त दाखविते म्हणून तिचा दर अधिक. परंतु मोठ्या कांचेची पश्चिमाभिमुख खोली दुपारीं तीननंतर तापते, आणि यंत्र कितीही लावलें तरी कांचेजवळ धग राहते. आपल्या माणसाला उत्तरेची किंवा पूर्वेची खोली मागावी. ती स्वस्तही पडते. रस्त्याकडची खोली टाळावी, कारण रात्रीची झोंप मोडली तर दुसऱ्या दिवशींच्या उन्हाला तोंड देण्याची शक्ति राहत नाहीं. स्नानगृहाची फरशी निसरडी नाहीं ना, धरावयास दांडी आहे का, तेथें टबाच्या कांठावरून पाय टाकावा लागतो कीं साधी मोरी आहे, हें अवश्य विचारावें. वृद्धांचे अपघात पुष्कळदां स्नानघरांतच होतात, आणि झुंबराच्या छायाचित्रांत तें दिसत नाहीं.

गारव्याचाही अतिरेक नको. वीस अंशांच्या खोलींतून एकदम चौतीस अंशांच्या दमट हवेंत जाणें हें निरोग्यालाही मानवत नाहीं. सरकारनें १ जानेवारी २०२० पासून घरगुती वातानुकूलन यंत्रांची मूळ मांडणी २४ अंशांवर असावी असें ठरविलें. वृद्धांनीं २५-२६ वर ठेवून वरून हलका पंखा लावावा व बाहेर पडण्यापूर्वीं दहा मिनिटें यंत्र बंद करावें. पन्हें किंवा लिंबाचें सरबत घरून करून न्यावें असें आम्ही म्हणणार नाहीं. पण मीठ-साखरेची पुडी पिशवींत असावी. ज्यांना पाणी वा मीठ मोजून घेण्यास सांगितलें आहे त्यांनीं मात्र आपल्या डॉक्टरांना आधीं विचारावें.

पैशाचा एक बारकावा गृहिणींच्या उपयोगाचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीस ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर कर शेंकडा ५ आहे. त्यावर एक रुपया गेला कीं तो शेंकडा १८ होतो. म्हणजे ७,४०० रुपयांची खोली करासह ७,७७० ला पडते, आणि ७,६०० ची पडते ८,९६८ ला. भाड्यांत फरक दोनशेंचा, देण्यांत फरक जवळजवळ बाराशेंचा! तेव्हां दर विचारतांना ‘करासह किती?’ हेंच विचारावें. वाढलेल्या बाराशे रुपयांत दोन दिवसांच्या टॅक्सीचा पुष्कळसा भाग निघून जाईल.

या सर्व विवेचनानंतर आमच्या भगिनींना आमचें सांगणें असें. ताजही नको, आणि अनोळखी लॉजही नको. दोन्ही रात्री वांद्रें-कुर्ला संकुलांत किंवा त्याच्या अगदीं लगत, उद्वाहक असलेल्या, उत्तम निगा असलेल्या हॉटेलांत काढाव्या. त्या भागांत सोफिटेल व ट्रायडेंट यांसारखीं उंची हॉटेलें आहेत, आणि आजूबाजूस त्यांहून बेताच्या दराचींही आहेत. जें काम दोन दिवस आहे त्याच्या पायथ्याशींच राहावें. ठसे देऊन यावें, दुपारीं निजावें. दुसऱ्या दिवशीं मुलाखत आटोपून परत यावें, पुन्हां निजावें, आणि ऊन उतरल्यावर निघावें. चिरंजीवांना कळवावें कीं, तुझे पैसे आम्ही आनंदानें घेतों, फक्त नांवासाठीं न घेतां दुपारीसाठीं घेतों. दूर देशीं राहणाऱ्या मुलाला आईबापांच्या उन्हांत उभें राहण्याची जी चिंता वाटते ती झुंबरांनीं फिटणार नाहीं. वडील दोन्ही दिवशीं वेळेवर जेवले आणि शांत निजले, एवढें कळलें म्हणजे फिटेल. यजमानांनाही आमची विनंती आहे कीं, मुलाकडून सेवा घेणें यांत मिंधेपणा मानूं नये. आपण त्याच्या शिक्षणाचा खर्च केला तेव्हां त्याला पाप म्हटलें नाहीं. तो आपल्या आरोग्यावर करतो तेव्हां तरी कां म्हणावें?

राहिला प्रश्न गिरगांवच्या दिरांचा. पत्रांत हा प्रश्न शेवटीं एका ओळींत आला आहे, पण आमच्या मतें तोच सर्वांत नाजूक आहे. ‘भाऊ-वहिनी मुंबईस आलीं आणि हॉटेलांत उतरलीं’ हें दुसऱ्याकडून कळलें तर जीव दुखावेल. म्हणून तें आपणच आधीं कळवावें, आणि कारण खरें तें सांगावें : जिना चढवत नाहीं. पहिल्या दिवशीं संध्याकाळीं, विश्रांति झाल्यावर, त्यांनाच हॉटेलावर बोलवावें. नाहींतर गिरगांव चौपाटीवर भेटावें. मेट्रोनें गिरगांवचें स्थानक आतां दूर राहिलेलें नाहीं. जातांना घरचें मेतकूट, कुरडया, प्रवराकांठच्या शेतांतला नवा गूळ, जें काय दरवर्षीं नेत असाल तें न चुकतां न्यावें. मुक्काम बदलला तरी नातें बदललें नाहीं, हें शब्दांपेक्षां त्या पिशवीनें अधिक चांगलें कळतें. आणि जाऊबाईंना एकदां मनापासून सांगावें कीं, इतकीं वर्षें आपण आमचें केलें, आतां एक वेळ आमच्याकडचा चहा घ्या. आमची खात्री आहे कीं, त्यांना राग येण्याऐवजीं बरेंच वाटेल.

ज्यांना उंची हॉटेलाचा खर्च झेपत नाहीं त्यांनीं हा लेख आपला नाहीं असें समजूं नये. परळास १९२६ पासून केईएम आणि १९४१ पासून टाटा रुग्णालय आहे. तेथें उपचारासाठीं सर्व महाराष्ट्रांतून माणसें येतात. त्यांनाही हाच नियम लागू आहे. दूरची चांगली खोली घेऊन रोज दोनदां गर्दींतून रोग्याला हिंडविण्यापेक्षां जवळची साधी, स्वच्छ, पंखा असलेली खोली शतपटीनें बरी. थाटाला पैसे लागतात. जागेला मुख्यतः विचार लागतो, आणि विचार सर्वांना परवडतो.

संगमनेरचे शाहीर अनंत फंदी यांनीं आपल्या फटक्यांतून संसारी माणसाला व्यवहाराचा उपदेश केला, त्याला दोनशें वर्षें होऊन गेलीं. त्या गांवच्या लोकांना व्यवहार शिकविण्याचा आव आम्ही आणीत नाहीं. इतकेंच सुचवितों कीं, मुंबईची खोली राखून ठेवण्यापूर्वीं एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्या : काम कोठें आहे, भर दुपारीं आपण कोठें असूं, आणि घरांतलें सर्वांत थकलेलें माणूस किती पावलें चालूं शकतें. या तिहींचीं उत्तरें मिळालीं म्हणजे हॉटेलाचें नांव आपोआप पुढें येतें. मग त्याच्या दाराशीं दरवान सलाम करीत असला तर करूं द्यावा; पण त्याच्यासाठीं वाट वाकडी करूं नये.